पाच महिन्यांची गैरहजेरी आणि चौथीच्या वर्गातली जागा

पत्राचा सारांश: पत्रलेखिका यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतात. सात एकर कोरडवाहू शेती, त्यात कापूस आणि सोयाबीन. त्यांची नऊ वर्षांची मुलगी तालुक्याच्या गावातील खासगी, विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीत शिकते. पत्रलेखिका आपल्या आईवडिलांच्या एकुलत्या एक. वडील हयात नाहीत. गडचिरोली जिल्ह्यात एकट्या राहणाऱ्या आईचे जूनमध्ये खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे सुमारे पाच महिने सोबत लागेल असे सांगण्यात आले. मुलीला घेऊन तिकडे जायचे त्यांनी ठरवले होते, मात्र शाळेच्या कार्यालयात उत्तर मिळाले की, जागा राखायची असेल तर वर्षाची पूर्ण फी, म्हणजे २६,००० रुपये, आता भरा, नाहीतर टी.सी. (शाळा सोडल्याचा दाखला) घ्या, परत आल्यावर जागा उरली असेल तर नवा प्रवेश आणि नवे प्रवेश शुल्क. हातातले पैसे पेरणीत गेले आहेत. सासरे म्हणतात, "एकडाव सीट गेली का गेली, मंग भेटत नाई." आजोळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवले तर मुलीचे इंग्रजी जाईल, ही भीती वेगळीच. त्या विचारतात: कर्ज काढून फी भरावी, टी.सी. घ्यावी, की आईकडे जाणेच रद्द करावे?

ताई, तुमच्या पत्रातला शेवटचा पर्याय मी सगळ्यात आधी बाजूला काढून ठेवते, कारण तो पर्याय म्हणून तुम्ही मनापासून लिहिलेला दिसत नाही. तो शाळेच्या कार्यालयातून बाहेर पडताना मनात आलेला असावा. खुब्याचे हाड मोडलेल्या, एकट्या राहणाऱ्या आईला सोबत हवी आहे आणि ती देऊ शकणारी तुम्ही एकटीच आहात, हे आधी पक्के धरू या. त्यानंतर मुलीच्या शाळेचे काय करायचे ते पाहू. तुमच्या पत्रात हा क्रम उलटा झाला आहे. शाळेची जागा खुंट्यासारखी मध्ये रोवली आहे आणि आई, मुलगी, शेती, सगळे तिच्याभोवती फिरते आहे. ही जागा खरोखर इतकी दुर्मीळ आहे का, हे मात्र अजून कोणी विचारलेले नाही.

सर्वांत आधी, तुम्हाला उत्तर कोणी दिले? पत्रात "कार्यालयात सांगितले" एवढेच आहे. मी बरीच वर्षे शाळेत शिकवले आहे आणि कार्यालयाच्या खिडकीतून मिळणारी उत्तरे मी जवळून ऐकली आहेत. खिडकीपलीकडच्या माणसाला दोनच गोष्टी ठाऊक असतात, फी भरलेली किंवा टी.सी. नेलेली. तिसरी गोष्ट ठरवण्याचा अधिकार त्याला नसतो, म्हणून तो तिसरी गोष्ट सांगत नाही. तुम्ही मुख्याध्यापकांना किंवा संस्थेच्या सचिवांना भेटल्याचा उल्लेख पत्रात नाही. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला तोंडी आलेले उत्तर हा शाळेचा निर्णय नव्हे, आणि त्यावर कर्ज काढणे तर मुळीच योग्य नाही.

आता सासऱ्यांच्या वाक्याकडे येते. त्यांची काळजी खोटी नाही. खासगी शाळेत नर्सरीच्या किंवा पहिलीच्या प्रवेशासाठी काय धावपळ करावी लागते हे त्यांनी पाहिले असणार. पण गर्दी असते ती प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला. तालुक्याच्या गावातील शाळेत चौथीच्या वर्गात, तेही वर्षाच्या मध्यात, बाहेरून येणारी मुले किती असतात? कोणाची बदली झाली, कोणी गावाकडे परतले, अशी एखाद-दुसरी. तुमच्या मुलीच्या वर्गात आज किती मुले आहेत, गेल्या वर्षी किती होती, आणि या वर्षी जागा नाही म्हणून कोणाला परत पाठवले का, हे वर्गशिक्षिकेला सहज विचारता येईल. गेल्या वर्षी पस्तीस आणि आज एकतीस असतील, तर तुमची जागा दुसरे कोणी घेईल ही भीती कागदावरच राहते. उलट, शाळेलाच एक विद्यार्थिनी गमावण्याची काळजी असायला हवी. वर्ग खच्चून भरलेला असेल आणि बाहेर खरोखरच मुले थांबलेली असतील, तर मात्र जागा राखण्याला किंमत आहे, आणि ती काही प्रमाणात मोजणे शहाणपणाचे ठरेल.

"काही प्रमाणात" हे शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे, कारण शाळेचीही एक बाजू आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय तुमचे बोलणे नीट होणार नाही. विनाअनुदानित शाळेला शिक्षकांच्या पगारासाठी सरकारकडून अनुदान मिळत नाही. तुमची मुलगी पाच महिने आली नाही म्हणून वर्गशिक्षिकेचा पगार कमी होत नाही, इमारतीचे भाडेही कमी होत नाही. त्यामुळे शिक्षण शुल्काचा काही भाग मागणे अवाजवी नाही. पण मुलगी ज्या दिवशी व्हॅनमध्ये बसणारच नाही त्या दिवसाचे व्हॅनचे पैसे, ती ज्या स्नेहसंमेलनात नसेल त्याची वर्गणी, न वापरलेल्या संगणक कक्षाचे शुल्क, हे सगळे त्याच २६,००० मध्ये मिसळलेले असेल तर ते सुटे करून मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. फीचा बाबनिहाय तपशील मागा. महाराष्ट्रात शैक्षणिक संस्थांच्या शुल्काचे विनियमन करणारा २०११ चा अधिनियम आहे. त्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो, त्याच्या कार्यकारी समितीसमोर फीचा प्रस्ताव यावा लागतो, आणि ठरलेल्या फीपेक्षा जास्त रक्कम शाळेला घेता येत नाही. त्यामुळे "जागा राखण्याचे" म्हणून कोणी वेगळी रक्कम मागितली, तर ती मंजूर शुल्कात कुठे बसते हे विचारा आणि पावती मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

कायद्याविषयी आणखी थोडे सांगते, कारण इथे एक गोष्ट पालकांच्या हमखास नजरेतून सुटते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, हा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना लागू आहे. त्याच्या कलम ५ नुसार मुलाला कोणत्याही कारणाने एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जावे लागले तर तसे जाण्याचा हक्क आहे, आधीच्या मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. पण हा हक्क सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांमध्ये जाण्यापुरता आहे. विनाअनुदानित खासगी शाळेत प्रवेश मागण्याचा हक्क हे कलम देत नाही. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की, जाण्याचे दार कायद्याने उघडे ठेवले आहे आणि परत येण्याचे दार शाळेच्या हाती आहे. म्हणून टी.सी. ही सहज घेण्याची वस्तू नाही. एकदा दाखल-खारीज रजिस्टरवर मुलीच्या नावापुढे "शाळा सोडली" असा शेरा पडला, की परतताना तुम्ही नव्या पालक होता. तो शेरा पडेपर्यंत मात्र त्याच कायद्याचे कलम १६ तुमच्या बाजूने आहे. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. म्हणजे कळवून घेतलेल्या रजेच्या काळात तुमच्या मुलीचे नाव शाळेने परस्पर कमी करू नये, असे तुम्ही ठामपणे म्हणू शकता. फीचा हिशेब ही वेगळी बाब आहे. तो मागे राहू शकतो आणि तोच चर्चेने ठरवायचा आहे.

तेव्हा माझा सल्ला असा की, टी.सी. मागू नका आणि पूर्ण फीही भरू नका. आधी मुख्याध्यापकांच्या नावे रजेचा अर्ज द्या. अर्ज एका पानापेक्षा मोठा नको. त्यात मुलीचे नाव, इयत्ता, तुकडी, जनरल रजिस्टर क्रमांक, गैरहजेरीचे कारण, जाण्याची तारीख आणि परत येण्याची अपेक्षित तारीख लिहा. आईच्या रुग्णालयातून मिळालेल्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडा. नंतर तीन गोष्टी वेगवेगळ्या वाक्यांत विचारा: या काळात मुलीचे नाव पटावर राहील ना, या काळासाठी कोणत्या बाबींची किती फी लागेल, आणि परत आल्यावर नवे प्रवेश शुल्क लागणार नाही ना. एकाच वाक्यात तिन्ही विचारले तर उत्तर फीचे येते आणि बाकीचे दोन प्रश्न हरवतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, म्हणजे आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही. उत्तर लेखी मागा. मुख्याध्यापक तोंडीच "काही काळजी करू नका" म्हणाले तर आनंदच आहे, पण त्याच दिवशी "आज आपण सांगितल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून दोन ओळींचे पत्र शाळेत द्या आणि त्याचीही पोच घ्या. मुख्याध्यापक बदलतात, कागद राहतो.

पैशांची वेळही मोकळेपणाने मांडा. जून-जुलैत बियाणे, खते आणि निंदणाच्या मजुरीत आपल्याकडचा पैसा शेतात गेलेला असतो. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे घरी येते आणि कापूस त्यानंतर. तालुक्याच्या गावात शाळा चालवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याच्या बहुतेक पालकांची स्थिती हीच आहे. माझ्या मते मध्यम तोडगा असा निघू शकतो: पहिल्या सत्राच्या शिक्षण शुल्काचा अर्धा भाग, तोही दोन हप्त्यांत, एक आता आणि एक सोयाबीन विकल्यावर, व्हॅन आणि उपक्रमांचे पैसे नाहीत, दुसऱ्या सत्राची फी परत आल्यावर, इतरांसारखीच. शाळा यापेक्षा थोडे जास्त मागेल, तुम्ही थोडे कमी म्हणाल. पण सावकाराकडून किंवा बचत गटातून पूर्ण वर्षाची रक्कम उचलून, मुलगी वर्गात नसताना ती भरणे, हे मी तुम्हाला सुचवणार नाही. त्या पैशाची गरज तुम्हाला आईच्या औषधांसाठी लागेल.

आता जिल्हा परिषद शाळेविषयीच्या भीतीबद्दल, कारण पत्रात ती दोन ओळींत आली असली तरी तुमच्या निर्णयावर तिचाच भार सर्वांत जास्त आहे, असे मला वाटते. इंग्रजी पाच महिन्यांत जाईल, असे तुम्ही धरून चालला आहात. मुलगी बालवाडीपासून इंग्रजी वाचते आहे. रोज अर्धा तास मोठ्याने वाचन आणि चार ओळी लेखन चालू राहिले, तर ते जात नाही, थोडे बुजते आणि परतल्यावर पंधरा दिवसांत मोकळे होते. तुमची शाळा राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाची असेल तर गणित, परिसर अभ्यास आणि चौथीचा शिवछत्रपतींचा इतिहास दोन्ही शाळांमध्ये सारखाच असेल; बालभारतीची पुस्तके माध्यमानुसार भाषा बदलतात, घटक तेच असतात. आजोळच्या शाळेत ती अपूर्णांक मराठीतून ऐकेल आणि रात्री तोच पाठ इंग्रजी पुस्तकात पाहील, तर त्यात नुकसान कसले? शाळा केंद्रीय मंडळाची असेल तर घटकांचा क्रम जुळणार नाही, तेव्हा वर्गशिक्षिकेकडून दिवाळीपर्यंतच्या पाठांची यादी आधीच घ्या.

शिवाय ती जिथे जाणार आहे तो प्रदेश तिच्यासाठी नवा आहे. पऱ्हाटीच्या शेतात वाढलेली मुलगी वैनगंगेच्या खोऱ्यात जाईल, जिथे पाऊस लागला की बांध्या भरतात आणि धानाची रोवणी सुरू होते. आजीची झाडीबोली आणि तुमच्या घरातली वऱ्हाडी यांतला फरक ती आपोआप टिपेल. परिसर अभ्यासात जे वाचायचे ते तिथे घराबाहेर पडल्यावर दिसेल. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. तुमचा मुक्काम तोवर राहिला तर तिला एक नाटक जरूर दाखवा. हे मी मन रमवण्यासाठी सांगत नाही. मुलगी "आजोळी अडकली होती" की "आजोळी शिकली", हे पुष्कळसे तुम्ही ते पाच महिने तिच्यासमोर कसे मांडता यावर ठरेल.

तिथल्या शाळेत बसवण्याची रीत मात्र नीट समजून घ्या. मुलांची नोंद आता आधारशी जोडलेल्या ऑनलाइन प्रणालीत असते, त्यामुळे एकाच वेळी दोन शाळांच्या पटावर नाव राहू शकत नाही. तुमच्या शाळेतले नाव कायम ठेवायचे तर आजोळच्या शाळेत ती पाहुणी म्हणूनच बसेल. तिथल्या मुख्याध्यापकांना भेटून हे स्पष्ट सांगा आणि तसा साधा विनंती अर्ज द्या. पटावर नाव नसल्याने मोफत पुस्तके किंवा गणवेश यांवर हक्क सांगता येणार नाही. तो सांगूही नये. खेड्यातल्या बहुतेक शिक्षकांना एक वाचणारी मुलगी वर्गात वाढल्याचा आनंदच होतो. निघताना तिच्या उपस्थितीचे आणि केलेल्या अभ्यासाचे एक पत्र त्यांच्याकडून घ्या; इकडे परतल्यावर ते उपयोगी पडेल. ऊसतोड आणि वीटभट्टीसाठी स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांकरिता आपल्या राज्यात शिक्षण हमी पत्रकाची पद्धत आहे, म्हणजे मूल जाईल तिथल्या शाळेत त्याचे शिक्षण सुरू राहावे म्हणून सोबत दिला जाणारा कागद. मूल गाव सोडते आणि परत येते, हे सरकारी शाळांनी गृहीत धरले आहे. खासगी शाळांनीही आपल्या नियमपत्रकात यासाठी एक ओळ घालावी असे मला मनापासून वाटते. पालक-शिक्षक संघात हा विषय मांडायला तुम्हीच योग्य आहात, परत आल्यावर.

पाच महिने हा आकडाही एकदा तपासून पाहा. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला वॉकर धरून लवकर उभे करतात. चोवीस तास जवळ माणूस लागतो तो पहिल्या काही आठवड्यांत, पुढे मदत लागते ती न्हाणीघरात, पायऱ्यांवर, पाणी भरताना. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना नेमके विचारा की कोणत्या महिन्यात कोणती मदत लागेल. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस भरतात आणि दिवाळीच्या सुट्टीत पहिले सत्र संपते. दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दिवशी मुलगी वर्गात हजर राहील असे तुम्ही अर्जात लिहू शकलात, तर शाळेच्या दृष्टीने "पाच महिने" ऐवजी "एक सत्र" असा हिशेब होईल, आणि मुख्याध्यापकांना तो मान्य करणे पुष्कळ सोपे जाईल. तेवढ्यात आई सावरल्या नाहीत तर त्यांनाच उन्हाळ्यापर्यंत तुमच्या घरी आणण्याचा विचार होऊ शकतो. लेकीच्या सासरी राहायचे नाही, असे त्या म्हणतील. बहुतेक आया म्हणतात. तरी पतीने स्वतः जाऊन विचारले तर गोष्ट वेगळी होऊ शकते.

मुलीला इथेच वडील आणि आजी-आजोबांजवळ ठेवून तुम्ही एकटीने जाणे, याचा उल्लेख तुम्ही केलेला नाही. तो मार्ग नाकारण्याआधी घरात एकदा बोला. व्हॅन दारात येते, सासूबाई घरी आहेत, आणि नऊ वर्षांच्या मुलीचा डबा भरणे वडिलांना जमणार नाही असे काही नाही. तुम्ही दर तीन आठवड्यांनी दोन दिवस येऊन जाऊ शकाल का, हे पाहावे लागेल. माझा कौल तरीही तिला बरोबर नेण्याकडे आहे, कारण आजीला नात हवी असेल आणि मुलीला आई. पण हा कौल तुमच्या मुलीला न पाहता दिलेला आहे. तिला कोणी विचारले का? तिच्या दृष्टीने "जागा" म्हणजे पटावरचा क्रमांक नाही. बाकावर शेजारी कोण बसते, ते आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी आईच्या बाळंतपणासाठी चार महिने आजोळी राहून परतली तेव्हा तिचे नाव हजेरीपटावर जसेच्या तसे होते, पण तिच्या बाकावर दुसरी मुलगी बसली होती, आणि ती दोन दिवस वर्गाबाहेर रडत उभी राहिली. तेव्हापासून कोणी असे गेले की मी त्याच्या मैत्रिणीला किंवा मित्राला जागा सांभाळायला सांगत असे.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात. तुमच्या मुलाला खासगी शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागेतून प्रवेश मिळाला असेल, तर तात्पुरत्या गैरहजेरीसाठी टी.सी. कधीही घेऊ नका. त्या जागांची सोडत, म्हणजे लॉटरी, प्रवेशाच्या पहिल्या वर्गासाठीच होते. सोडलेली जागा चौथीत किंवा पाचवीत पुन्हा मिळत नाही. मूल नववी-दहावीत असेल तर हिशेबच वेगळा, कारण प्राथमिक शिक्षणाचे संरक्षण तिथे संपते आणि दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती लागते; तिथे मुलाला मागे ठेवण्याची सोय पाहणेच बरे.

आणि ताई, मुख्याध्यापकांनी स्वच्छ नकार दिला तर? आधी संस्थेच्या सचिवांना तोच अर्ज द्या. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीचे उपाध्यक्षपद पालकाकडे असते, त्या व्यक्तीला भेटा. त्यानंतर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्जाच्या पोचेसह लेखी विनंती करा. भांडण म्हणून नको, मार्गदर्शन म्हणून. एवढे करूनही शाळा पूर्ण वर्षाच्या फीवरच अडून बसली, तर मी टी.सी. घेईन आणि मुलीला आजोळच्या शाळेत रीतसर दाखल करीन. दिवाळीनंतर त्याच शाळेत जागा रिकामी दिसली तर नवे प्रवेश शुल्क २६,००० पेक्षा कमीच असेल, आणि नसली तर तालुक्याच्या गावात शाळा एकच नाही.

अर्ज द्यायला जाल तेव्हा मुलीला बरोबर न्या. तिला वर्गात जाऊन मैत्रिणीला सांगू द्या की दिवाळीनंतर येते, बाक सांभाळ.